घाडींनी पास केलेला निळा

डोंबिवलीच्या एमआयडीसीत कापड रंगवणाऱ्या एका कारखान्यात भिवाजी घाडी शेड बघायला होते. शेड बघायची म्हणजे पार्टीचा नमुना आणि आपलं रंगलेलं कापड खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरायचं आणि सांगायचं, पास, नाहीतर परत टाका. एवढंच काम. पण घाडींनी मान हलवल्याशिवाय एक तागा गेटबाहेर जात नसे, मग माणसाला थोडा माज येणारच की! चाळीतल्या बायकासुद्धा साड्या त्यांच्या हवाली करत आणि मॅचिंगचं ब्लाउजपीस आणायला सांगत. रविवारी हा मिशीवाला गडी साड्यांची पिशवी घेऊन दुकानदारांचा जीव खात बसे.

ब्याण्णव साली कारखान्यात रंग ओळखणारा कॉम्प्युटर आला. त्याच्यापुढे कापड धरलं की पडद्यावर पास किंवा फेल उमटायचं, आणि कुठला रंग किती घालायचा तेही. तो चालवायला जया नावाची बीएस्सी झालेली पोरगी आली, अजून कायम न झालेली. तिचे वडील कामाला होते तो वागळे इस्टेटमधला कारखाना बंद पडलेला आणि घर हिच्या पगारावर. घाडींना त्याचं काय? ते खवळलेच. रोज कॅन्टीनमध्ये डबा उघडायच्या आधी तोंड उघडायचे. आज माझी खुर्ची गेली, उद्या तुमची जाईल, आणि त्या खोक्याला कधी डोळा असतो का, असं त्यांचं चालायचं. खरं बघायला गेलं तर फायदा दिसत होता. रंगाचं माप पहिल्या फटक्यात जमायचं, कापड पुन्हा पुन्हा बुडवावं लागत नव्हतं, नाल्यात रंगीत पाणीही कमी जात होतं. पण ते घाडींना कोण सांगणार?

शेवटी साहेबांनी त्यांना बसवून समजावलं. या यंत्राला स्वतःचं असं काही कळत नाही. तुम्ही गेल्या दोन-तीन वर्षांत पास केलेले तुकडे आम्ही त्याला दाखवतोय. किती फरक चालतो नि किती नाही, हे ते तुमच्याकडूनच शिकणार. घाडी एकदम गार पडले. आपला डोळा मशीनमध्ये बसणार म्हटल्यावर कोण सुखावणार नाही? घरी जाऊन त्यांनी ते बायकोला, सरस्वतीला, चार वेळा सांगितलं. ती भाकरी थापत राहिली.

पुढच्या जूनमध्ये शाळेच्या गणवेशाचं आकाशी कापड परत आलं. शर्टांची पाठ एका निळ्याची आणि बाह्या दुसऱ्याच. मशीनने तर प्रत्येक तागा पास केला होता. साहेब म्हणाले, मशीन चुकत नाही, पोरीने कापड नीट लावलं नसणार, महिनाअखेर तिला मोकळं करा. घाडींना आनंदाचं भरतं आलं. मी म्हणत नव्हतो का, खोक्याला डोळा नसतो, हे त्यांनी घरी चप्पल काढता काढता सुरू केलं.

सरस्वती उठली. ट्रंकेतून तिने आपली आकाशी साडी काढली, त्यावरचं ब्लाउज काढलं आणि दोन्ही त्यांच्यापुढे ठेवली. रंग एक आहे का, तिने विचारलं. घाडींनी खिडकीशी नेऊन उलटसुलट बघितलं आणि एकच आहे म्हणाले.

"नाही," सरस्वती म्हणाली. "ब्लाउज हिरव्यावर गेलंय. तुम्ही आणलंत म्हणून तीन दिवाळ्या घालतेय मी."

कारखान्याच्या खिडकीच्या काचा मळल्यात म्हणून त्यांनी किती वेळा पुसून घेतल्या होत्या! काचा स्वच्छ होत्या. कल्याणच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. हळूहळू वाढतो, निळ्यातला बारीक फरक आधी जातो, माणसाला पत्ता लागत नाही.

त्या दिवसापासून त्यांना एका जागी बसवेना. चहा गार व्हायचा. रात्री उठून ओट्यावर जायचे, परत यायचे. बोलावं तर उभ्या आयुष्याची कमाई, तो डोळा, मातीत जाणार. गप्प बसावं तर जया जाणार, आणि ती तर येता-जाता हसून घाडीकाका म्हणायची. त्यात कळलं की मशीनला शिकवलेलं सगळं फ्लॉपीत भरून मालकांच्या आंबिवलीच्या कारखान्यातही पाठवलंय. मशीन नसतं तर आपली चूक आपल्या खिडकीशीच राहिली असती. आता ती न दमता, न अडखळता, आपण कधी न बघितलेलं कापडही पास करत बसली होती.

एका सकाळी ते साहेबांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. साहेबांनी आधी दार लावलं. मशीन आम्ही गुपचूप दुरुस्त करू, तुम्ही ऑपरेशन करून घ्या, पोरगी जातेच आहे, विषय कशाला वाढवायचा, असं ते समजुतीने म्हणाले. घाडी मान डोलावून बाहेर पडले. स्वतःच्या त्या डोलावलेल्या मानेची त्यांना इतकी शरम वाटली की ते तडक कॅन्टीनमध्ये गेले. रोज भाषण द्यायचे त्याच जागी उभे राहिले.

"मशीन चुकलं नाही, जयाही चुकली नाही," ते म्हणाले. "मला निळा दिसत नाही. मशीनला मीच शिकवलंय."

जयाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते उपकार वाटून आलेलं नव्हतं. तुम्हाला कधी कळलं, तिने विचारलं. पंधरा दिवस झाले, घाडी म्हणाले.

"पंधरा दिवस मी घरी रडतेय, काका," ती म्हणाली आणि डबा बंद करून निघून गेली.

एवढ्या लोकांसमोर झाल्यावर जयाला काढणं साहेबांना जमलं नाही. सगळे जुने तुकडे पुन्हा निवडून मशीनला नव्याने शिकवायचं ठरलं. खिडकीशी जया बसली. घाडी शेजारी स्टुलावर, ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत नुसते तुकडे हातात द्यायला. दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एका आकाशी तुकड्यावर अडली. मशीनने पास म्हटलं होतं, मागे घाडींची सही होती. तिने तो नकळत त्यांच्यापुढे धरला.

घाडींनी तुकडा घेतला, आणि न बघताच तिच्या हातात परत दिला.

"मला नको विचारू, त्या खोक्यालाही नको," ते म्हणाले. "तुला काय दिसतंय ते सांग."