अण्णांना पाठवलेले फोटो

चांगल्या फोटोंना किस्से नसतात. ते आल्बममध्ये जातात, पाहुण्यांना दाखवले जातात, "वा, छान आलाय" होतं आणि विषय संपतो. किस्से साठतात ते बिघडलेल्या फोटोंचे. ग्लासगोतल्या आमच्या मराठी डॉक्टरांच्या कंपूत अशा फोटोंसाठी शॉर्टब्रेड बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. तो अविनाशच्या घरी असायचा, कारण बिघडवणारा बहुतेक वेळा तोच!

अविनाश भूल देणारा डॉक्टर. दिवसभर लोकांना झोपवायचा आणि संध्याकाळी आम्हाला कॅमेऱ्यावर लेक्चर देऊन तेच काम पुढे चालू ठेवायचा. पण फोटोंचं वेड हे नुसतं वेड नव्हतं. त्याचे वडील, अण्णा, सांगलीला शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेले. "परीक्षा झाली की परत येतो" असं त्यांना सांगून हा विमानात बसला होता. परीक्षा झाली, नोकरी लागली, नीलाशी लग्न झालं, मिहिका झाली, घर घेतलं. परतायचं राहिलं. आता अण्णांनी एकदा तरी आपलं घर बघायला यावं, एवढंच त्याला हवं होतं. अण्णांचं उत्तर ठरलेलं: "मी यायचं ठरलं नव्हतं. तू यायचं ठरलं होतं."

म्हणून हा फोटो पाठवायचा. प्रत्येक फोटोची एक कॉपी सांगलीला, एक डब्यात.

*

पहिला फोटो बर्फाचा. त्या साली इतका बर्फ पडला की आमच्या गल्लीतल्या गाड्या नुसत्या उंचवट्यांसारख्या दिसत होत्या. अविनाशने नीला आणि मिहिकाला मधोमध उभं केलं, कॅमेऱ्याचं उजेड मोजायचं मीटर तीन-तीनदा तपासलं आणि रोल संपवला.

फोटो आले तर बर्फ राखेसारखा. माणसं कोळशासारखी.

"मीटरची चूक नाही," अविनाश आम्हाला समजावू लागला. "कॅमेऱ्याला काय दिसतंय ते कळत नाही रे. सगळं जग मिळून सरासरी राखाडीच असणार, असं तो धरून चालतो. पांढरं जास्त दिसलं की तो त्यालाही राखाडी करतो."

माझा नवरा सुधीर म्हणाला, "मग ग्लासगोत वर्षाचे अकरा महिने बरोबरच असेल की."

सांगलीहून उत्तर आलं. "बर्फ मळका दिसतो. तिकडे कोणी झाडत नाही का? आणि तू फोटोत का नाहीस?"

*

मग नीलाच्या धाकट्या बहिणीचं, संध्याचं लग्न. हळद कम्युनिटी सेंटरमध्ये. आम्ही बायकांनी तिला अशी काही माखली की नाक कुठे संपतं आणि हळद कुठे सुरू होते ते कळेना. शिवाय पिवळ्या साड्या, झेंडू न मिळाल्यामुळे पिवळी शेवंती, आणि कोणीतरी आणलेला पिवळा टेबलक्लॉथ. अविनाश खूश. "हे बघितल्यावर अण्णांना वाटेल, पोराने काही सोडलेलं नाही."

प्रिंट आले. संध्या लख्ख गोरी, आमच्या साड्या मळकट पांढऱ्या, आणि मागची भिंत निळसर. हळद गायब!

अविनाश तरातरा दुकानात गेला. मीही सोबत गेले, कारण माझी नवी कोरी साडी होती ती. काउंटरवरच्या माणसाने प्रिंट पाहिले, निगेटिव्ह उजेडात धरली आणि शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, मशीनला वाटलं सगळ्यांना जाँडिस झालाय. तिने बरं केलं."

म्हणजे फिल्मवर हळद होती. छापणाऱ्या मशीनने एवढं पिवळं पाहिलं आणि लाइटचा दोष समजून काढून टाकलं. अविनाशने पुन्हा प्रिंट करून घेतले. पण पहिला लॉट उत्साहाच्या भरात नीलाने आधीच पोस्टात टाकला होता.

अण्णांनी लिहिलं, "हळदीला हळद मिळत नाही, अशा देशात माणूस राहतो कशाला?"

*

"तू फोटोत का नाहीस" हे मात्र अविनाशला लागलं होतं. खरंच, डबा उपडा केला तरी त्यात अविनाश नव्हता. सगळे फोटो तोच काढायचा ना. मग त्याने नवा ऑटोफोकसवाला छोटा कॅमेरा घेतला, टायमरसकट. स्टँडवर लावला. डावीकडे नीला, उजवीकडे मिहिका, मधे स्वतःसाठी जागा. बटण दाबलं, धावत गेला, टाय नीट केला, हसला.

फोटोत तिघं धुक्यात असल्यासारखे. पाठीमागच्या पडद्यावरची फुलं मात्र पाकळीन् पाकळी स्पष्ट.

कारण साधं होतं. तो कॅमेरा बटण दाबतानाच अंतर मोजायचा, आणि तेही फक्त मधोमध. बटण दाबताना मधे कोण होतं? कोणीच नाही. अविनाशच्या रिकाम्या जागेतून त्याने थेट पडदा पाहिला आणि तोच लक्षात ठेवला.

नीला म्हणाली, "तू जिथे नव्हतास तिथे त्याने किती मन लावून बघितलंय!" आम्ही हसलो. अविनाश हसला नाही. त्याने हट्टाने तोही फोटो पाठवला.

अण्णांचं उत्तर फक्त दोन शब्दांचं. "पडदा छान."

त्यानंतर बरेच दिवस त्याने कॅमेरा कपाटाबाहेर काढला नाही. एकदा चहा ओतताना मला म्हणाला, "त्यांना यायचंच नाहीये गं. मी उगाच त्यांना चुका शोधायला काम देतोय." मला फार वाईट वाटलं.

*

आणि मग जे झालं ते कॅमेऱ्याशिवायच झालं. मिहिकाला शाळेत उजेडाचा प्रोजेक्ट होता. अविनाशने तिच्या खोलीच्या खिडकीला काळे पुठ्ठे चिकटवले, एका पुठ्ठ्याला पेन्सिलीएवढं भोक पाडलं, आणि आम्हा सगळ्यांना आत बसवून दार लावलं. थोडा वेळ काहीच नाही. डोळे सरावले तसा समोरच्या भिंतीवर आणि छतावर आमचा रस्ता उमटला. उलटा. घरं खाली टोक करून लोंबत होती, आकाश जमिनीशी होतं, आणि मिसेस मकेंझी डोक्यावर चालत कुत्रा फिरवत होत्या. तेवढ्यात आइस्क्रीमची व्हॅन छतावरून गेली. मी मुलांची डॉक्टर, पण त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने मीच ओरडले.

रविवारी सांगलीला फोन लागला तेव्हा मिहिकाने रिसीव्हर ओढून घेतला. "आजोबा, आमचा रोड माझ्या रूममध्ये आली! अपसाइड डाउन!"

मग अण्णांनी विचारलं, "रंगीत दिसतो?"

"हो. आणि तो हलते पण."

अविनाशने फोन घेतला. अण्णा त्याला म्हणाले, "भोक किती मोठं पाडलंस?" बापलेक बराच वेळ भोकावर बोलत राहिले. शेवटी अण्णा म्हणाले, "याचा फोटो पाठवू नकोस. तू बिघडवशील." मग म्हणाले, "व्हिसाला किती दिवस लागतात?"

*

अण्णा यायच्या दिवशी अविनाश आणि नीला एअरपोर्टला गेले. मिहिका घरी, आणि स्वयंपाकाला मी. जाताना नीलाने शेवंतीचा हार मिहिकाजवळ दिला. "आजोबांना हार घालायचा हं," एवढं सांगून ती गाडीत बसली.

हॉलमध्ये अण्णांचा एक फोटो होता. अविनाशने निघताना सांगलीच्या स्टेशनवर काढलेला, मोठा करून फ्रेम केलेला. आपल्याकडे लावतात तसा, वरून पुढे झुकवून लावलेला. आणि मिहिकाने कुठल्याही आजोबांना हार घातलेला एकाच ठिकाणी पाहिला होता: आमच्या घरी, माझ्या सासऱ्यांच्या फोटोला.

मी आत कणीक तिंबत होते, हॉलमध्ये खुर्ची सरकवल्याचा आवाज तेवढा आला होता. गाडी वाजली, दार उघडलं, अण्णा आत आले. ओव्हरकोट, कानटोपी, हातात पिशवी. समोर भिंतीवर स्वतःच, पिवळ्याधमक हारात.

कोणी हलेना. नीलाने तोंडावर हात ठेवला. मी कणकेच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात उभी. अण्णा फोटोकडे बघत राहिले, मग मिहिकाला म्हणाले, "बाळ, आधी तो फोटो काढ."

"ओके, आजोबा," मिहिका म्हणाली आणि धावत गेली. आली ती कॅमेरा घेऊन. "बाबा, तू पण जा. आजोबाच्या जवळ. स्माइल!"

अण्णांना कळायला क्षणभर लागलं. आणि मग ते जे हसायला लागले ते भिंतीला टेकून हसले, अविनाशच्या खांद्याला धरून हसले. फ्लॅश उडाला.

प्रिंट आले तेव्हा आम्ही सगळे बघायला जमलो. फोटो वाकडा. मिहिका बुटकी, फ्रेम पुढे झुकलेली, त्यामुळे फ्लॅश काचेवर आपटून सरळ परत आलेला. भिंतीवरच्या अण्णांचा चेहरा दिसतच नाही, नुसता पांढरा उजेड आणि त्याभोवती हार. खाली कानटोपीतले अण्णा, तोंड उघडं टाकून हसताना. त्यांना बिलगून अविनाश, डोळे मिटलेले. दोघंही एकदम शार्प.

अण्णांनी तो फोटो बराच वेळ हातात धरला. "आता आलास," ते अविनाशला म्हणाले.

अण्णांना सांगलीला जाऊन, आणि तिथून कायमचं जाऊनही, आता काही वर्षं झाली. अविनाशच्या हॉलमध्ये जुन्या फ्रेमच्या जागी आता हा फोटो आहे, पुढे झुकवून लावलेला. मध्यंतरी पुण्याहून आलेल्या एका पाहुण्या बाईंनी त्याच्यापुढे हात जोडले आणि हळूच विचारलं, "अहो, फोटोला हार घालत नाही का तुम्ही?"

अविनाश म्हणाला, "घातलाय की. वरच्याला."