साखरबाईचा रुसवा

साखरबाई माझी थोरली जाऊ. खुटबावला आमच्या वस्तीत तिच्याइतक्या झपाट्यानं कांद्याची लागण करणारी बाई नव्हती, आणि तिच्याइतकी पक्की रुसणारीही नव्हती. घरात कुणी मनाविरुद्ध वागलं की ही वाकळेवर आडवी व्हायची, भिंतीकडं तोंड करायची आणि म्हणायची, "भूक न्हाई." बस्स. ना आरडाओरडा, ना आदळआपट. सकाळी मात्र उपाशीपोटी वाफ्यात सगळ्यांच्या आधी हजर.

मग त्या घराचा कायदा ठरलेला. ज्याचं चुकलं असेल त्यानं ताट वाढून तिच्या उशाशी न्यायचं आणि तिचं म्हणणं कबूल करायचं. माझ्या थोरल्या दिरांनी, म्हाळूंनी, उभा जन्म अशी ताटं वाहिली. त्यांची बैलजोडी घ्यायची हौस तिच्या रुसव्यानं राहिली, आणि त्यांचा मुलगा सम्राट आयटीआयला गेला तोही तिच्या रुसव्यानंच. मी तिला तोंडावर म्हणायचे, आक्का, मोर्चावाल्यांनी तुला उपोषणाला रोजानं न्यावं. ती पदर तोंडाला लावून हसायची. हे हत्यार चालतं हे तिला पुरतं ठाऊक होतं.

म्हाळू गेले आणि ताट न्यायची पाळी सम्राटवर आली. तो रांजणगावच्या एका कंपनीत परमनंट झाला होता. शिफ्ट करून रोज नदीपल्याडून घरी यायचं त्याला झेपेना, म्हणून बायकोला, तेजश्रीला घेऊन तिकडंच खोली करायची त्यानं ठरवलं. साखरबाईला ते मुळीच पटलं नाही. लेक वाढवला तो म्हातारपणी रिकाम्या घरात बसायला का, असं ती दारोदार विचारत फिरली. त्यातच एका संध्याकाळी ती लागणीवरून आली, वाकळेवर पडली आणि तेच दोन शब्द म्हणाली.

सम्राटला वाटलं, हे खोलीचं. तेजश्रीला तेच वाटलं, सगळ्या वस्तीला तेच वाटलं. या वेळी ताट न्यायचं नाही, असं सम्राटनं मनाशी धरलं. आज वाकलो तर जन्मभर वाकावं लागेल, पोटात आग पडली की आपोआप उठेल, असं तेजश्रीला सांगून तो कामावर जात राहिला. मला त्याचा राग कधी आला नाही. आईनं लहानपणापासून जे वाचायला शिकवलं, तेच त्यानं वाचलं.

मी तेव्हा केंदूरला माझ्या लेकीच्या, राजश्रीच्या बाळंतपणाला गेले होते. परत आले तर तेजश्री दारातच कुजबुजली की आत्याबाई आठवड्यापासून आडव्या आहेत, घोटभर चहावर. कामावर जातात का, असं मी विचारलं. नाही म्हणाली. लागण आटपतच आली होती, त्यामुळं त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. मी मात्र हातातली पिशवी दारातच टाकून आत गेले. रुसलेली साखरबाई जेवण चुकवायची, वाफा नव्हे.

हात लावला तर अंग नुसतं भाजत होतं. मी तिला चांगली झापली तेव्हा तिनं हळूच सांगितलं की बरेच दिवस लघवीला जळजळतंय, कंबरेत एका बाजूला ठणकतंय. दिवसभर रानात बायकांना आडोसा नाही, म्हणून पाणीच प्यायचं नाही ही आम्हा सगळ्यांचीच सवय. घरी का नाही बोललीस, म्हटलं, तर म्हणाली, "असलं लेकाला सांगायचं व्हय?"

जीप करून तिला दौंडला नेलं. मूत्रपिंडात जंतू झाले होते आणि आता ते रक्तात पसरले होते. किती दिवस जेवल्या नाहीत, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी या घराचा सगळा इतिहास सांगितला. ते हसले नाहीत. म्हणाले, अंगात असे जंतू शिरले की रक्तातून मेंदूला खबर जाते. मेंदूच मग भूक बंद करतो, हातपाय गाळून टाकतो आणि माणसाला निजवतो, सगळी ताकद आत लढायला लागते म्हणून. त्यात त्या माणसाच्या मर्जीचा प्रश्नच नसतो. मग आवाज उतरवून म्हणाले, फार उशिरा आणलंत.

सम्राट कंपनीच्या कपड्यांतच धावत आला. येताना घरून पातळ भाताचा डबा घेऊन आला होता. तिच्या उशाशी बसला.

"आये, म्या खोली घेत न्हाई. कुठंच जात न्हाई. जेव आता."

"आरं, म्या रुसले न्हाई," ती म्हणाली. "या टायमाला खरंच न्हाई रं."

"मग जेव की."

डॉक्टरांनी सांगितलेलं मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं मान डोलावली, पण भरलेला चमचा काही खाली ठेवला नाही. साखरबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली आणि मग तिनं तोंड उघडलं. एक घास, दुसरा घास. गिळताना मानेच्या शिरा ताणल्या जात होत्या, डोळ्यांतून पाणी गळत होतं. मला ते बघवेना. "जेवले बघ," ती म्हणाली. "आता खोली घे." तिसरा घास बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी ती गेली.

सम्राट आता रांजणगावला राहतो. गावाला आला की माझ्याकडं चहाला येतो आणि विचारतो, "काकी, खरंच रुसली न्हवती का गं?" मी त्याला पहिल्यापासून सांगते: जंतू, रक्त, मेंदू. तो नीट ऐकून घेतो. मग कप खाली ठेवून म्हणतो, "पण म्या जात न्हाई म्हणलो, तवाच जेवली की ती."

तुझ्यासाठी जेवली रे, असं मी म्हणते. त्याला ते पटत नाही.