पट्ट्यांखालचं अक्षर

उधन्यातल्या एका छोट्या दवाखान्यात मी काउंटरवर बसायचे. एका दुपारी कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या माणसाला त्याची बायको रिक्षातून घेऊन आली. अपेंडिक्स फुटायच्या बेतात, तापाने भान हरपलेलं. ऑपरेशन लगेच करायचं होतं. बायको एवढंच सांगत होती, की मागे धुळ्याला एक सुई टोचल्यावर हा मरता मरता वाचला होता. कोणती सुई, ते तिला माहीत नव्हतं.

मी धुळ्याच्या दवाखान्यात फोन लावला. तिथल्या क्लार्कला जुना केसपेपर सापडला, पण मोबाइलवर फोटो पाठवायची त्यांना परवानगी नव्हती. "फॅक्स करतो," ते म्हणाले.

आमच्याकडे रस्ता खोदताना केबलला धक्का लागला होता, दोन दिवस फोनवर नुसती खरखर; औषधाचं नाव ऐकून नीट कळेना. कागद बाहेर आला. नाव, वय, सही, सगळं स्वच्छ. रिअ‍ॅक्शनच्या ओळीवर मात्र आडवे काळे पट्टे. औषधाचं फक्त पहिलं इंग्रजी अक्षर अर्धंमुर्धं दिसत होतं.

"सी आहे ना?" डॉक्टरांनी वाकून विचारलं. "सी असेल तर ते टाळू, दुसरं इंजेक्शन भरून तयार आहे."

मलाही सीच वाटत होतं. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं.

"ताई, काय लिखेल शे?" बायकोने विचारलं.

"सर, नक्की वाचता येत नाही," मी म्हणाले. "परत मागवते."

दुसऱ्यांदा लाइन मध्येच तुटली. वॉर्डातल्या सिस्टरनी त्याच लाइनवरचा आतला फोन उचलला होता. त्या माझ्याहून कितीतरी मोठ्या, तरी मी त्यांच्यावर ओरडले. त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला आणि पुन्हा कोणी उचलू नये म्हणून त्यावर हात दाबून उभ्या राहिल्या. तिसऱ्यांदा मी मशीनचा वेग कमी केला. पट्टे कमी झाले, नाव तरीही लागेना.

मग मी क्लार्कना म्हटलं, "साहेब, कोऱ्या कागदावर नुसतं ते नाव लिहा. बोटाएवढी अक्षरं, वर, मधे, खाली, तीनदा."

वरचं नाव पट्ट्यात गेलं. खालची दोन पूर्ण आली. पहिलं अक्षर जी होतं. खात्रीसाठी फोनवर त्यांच्याकडून एकेक अक्षर वदवून ताडून घेतलं.

डॉक्टरांनी ट्रेमधली भरलेली सिरिंज उचलली आणि टाकून दिली. तेच औषध होतं ते.

मी सिस्टरची माफी मागितली, तर त्यांनी मला आधी पाणी प्यायला लावलं.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी तो माणूस बायकोचा हात धरून काउंटरपर्यंत चालत आला. त्या औषधाचं नाव मी ठळक अक्षरांत एका कार्डावर लिहिलं, आणि ते कायम खिशात ठेवायला सांगितलं.