पहिला नंबर आमच्याचाच

लग्न होऊन या घरात आले तेव्हा बरेच दिवस मला वाटायचं, मला एक दीर आहे. मामंजी उठल्यासुटल्या म्हणायचे, "आमच्याची सर कुणाला येणार आहे?" नाहीतर, "आमचा असता तर बघायला नको होतं." दीर जेवायला का येत नाही, म्हणून मी एकदा एक ताट जास्तीचं मांडलं. सासूबाईंनी ते उचललं, फळीवरच्या रेडिओकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "तो बघ तुझा दीर. त्याला वाढ."

आमचा म्हणजे एक गायक. आवाज भारदस्त, खालच्या पट्टीतला. मामंजींनी त्याला जन्मात पाहिलेलं नाही, पण आजवर जेवढे गायले आणि पुढे जेवढे गातील त्या सगळ्यांत पहिला नंबर त्याचा, हे त्यांनी ठरवून टाकलेलं. इतरांनी दुसऱ्या नंबरापासून पुढे काय ती मारामारी करावी.

मामंजी न्हावी. पुढच्या खोलीत दुकान, मध्ये एक पडदा, पडद्यामागे आम्ही. हात असा हलका की गिऱ्हाईक खुर्चीत घोरू लागतं. जिभेचं मात्र तसं नाही. हेडमास्तर एकदा दाढी करून घेता घेता म्हणाले, "तुमचा तो तसा दुसऱ्या नंबरवर येईल." त्यांची अर्धी मिशी गेली. मामंजी म्हणतात हात घसरला. सासूबाई म्हणतात, कसला घसरतोय, घसरवला. तेव्हापासून सासूबाईंचा कायदा लागू झाला: गाण्याचा विषय निघाला की आधी वस्तरा ताटलीत, मग तोंड उघडायचं.

मामंजी हा कायदा इमानेइतबारे पाळतात, म्हणूनच आमच्याकडे दाढीला वेळ लागतो. फेस वाळतो, पुन्हा लावावा लागतो, पुन्हा वाळतो. घाईची माणसं हवापाण्यावर बोलतात. ज्यांना घरी लवकर जायचं नसतं ते खुर्चीत टेकतात न टेकतात तोच विचारतात, "काय हो, सगळ्यांत मोठा गायक कोण?" आणि पाय पसरून बसतात.

हे असंच चाललं असतं, पण माझ्या नणंदेनं लग्न ठरवलं. बापाच्या हाताखाली तयार झालेली पोर, बायकांचे केस तीच कापते. कोपऱ्यावरच्या घड्याळजींचा मुलगा तिला आवडला, तिला बघून तोही घड्याळासारखा वेळेवर येऊ लागला. मुलाची आई तयार, आम्ही तयार. उरले घड्याळजी. त्यांनी निरोप धाडला, "रविवारी सकाळी दाढीला येतो. माणूस कसा आहे बघतो, मग बोलू."

इथेच माशी शिंकली. कारण घड्याळजींचाही पहिला नंबर ठरलेला होता. त्यांचा जीव एका गायिकेवर. तिला ते नुसतं "बाई" म्हणत, आणि बाई म्हणताना डोळे मिटत.

सासूबाईंनी मामंजींना समोर उभं केलं. "रविवारी गाण्याचं नाव काढायचं नाही."

"मी कशाला काढतोय?"

"त्यांनी काढलं तरी! पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे."

 "बरं," मामंजी म्हणाले. दात काढून घ्यायला कबूल झाल्यासारखं.

रविवारी घड्याळजी आले, खुर्चीत बसले. मामंजींनी गळ्याला कापड बांधलं, फेस लावला, उजवा गाल असा साफ केला की नुकताच घडवलाय म्हणावं. पडद्यामागे सासूबाई, मी आणि नणंद एकमेकींना खेटून उभ्या. पडद्याच्या फटीतून आरशात त्या दोघांची तोंडं दिसत होती. तेवढ्यात घड्याळजी म्हणाले, "रेडिओ का बंद? लावा की."

लावला. आमचाच गात होता. नशीब म्हणतात ते हेच.

घड्याळजी ऐकत म्हणाले, "बरा गातो. पण…"

मामंजींचा हात थांबला. सासूबाईंनी माझा दंड धरला.

"पण काय?" मामंजींनी अगदी गोड आवाजात विचारलं.

"पहिल्या पाचांत नाही धरता यायचा."

वस्तरा ताटलीत पडल्याचा आवाज आला.

"का हो?"

"वरच्या सुरात अडखळतो. दुरुस्तीला आलेल्या घड्याळासारखा."

"अडखळत नाही, श्वास घेतो! जिवंत माणूस आहे!"

"आमच्या बाईंना मधेच श्वास लागत नाही."

"मग ती बाई आहे का पंप?"

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. घड्याळजी कापडासकट उठले. "बाईंना पंप म्हणणाऱ्याच्या घरातली मुलगी मला सून म्हणून नको!"

"माझी मुलगीही श्वास घेते! तुमच्याकडे पाठवून तिला घुसमटवायची नाही मला!"

घड्याळजी तरातरा दारापर्यंत गेले आणि तिथेच थबकले. रस्त्यावर रविवारची गर्दी, आणि यांचा एक गाल चकचकीत, दुसऱ्यावर फेस. परत येऊन खुर्चीत बसले. मामंजींनी हाताची घडी घातली. "आधी पहिल्या पाचांत घ्या. मग वस्तरा उचलतो."

"जीव गेला तरी नाही."

फेस वाळून पापुद्रे सुटायला लागले. मला हसू येत होतं, पण नणंदेकडे पाहिलं आणि आवरलं.  मग एकाएकी तिनं पडदा बाजूला सारला, बाहेर गेली, ब्रश भिजवला आणि घड्याळजींच्या डाव्या गालाला फेस लावायला लागली. दोघं म्हातारे बघतच राहिले.

"बरं झालं," मामंजी म्हणाले. "तूच सांग पोरी, सगळ्यांत मोठं कोण?"

"हां, सांगू दे तिला," घड्याळजी म्हणाले.

इकडे आड, तिकडे विहीर. बापाचा म्हणावं तर सासरा जातो, सासऱ्याची म्हणावं तर बाप. तिनं वस्तरा उचलला.

"मला काय विचारता बाबा? जन्मल्यापासून या घरात मी एक गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. गाणं लागलं की तुम्ही बोलायला लागता." मग घड्याळजींकडे वळून, "तुमचा मुलगा गाणं लागलं की गप्प बसतो. त्याच्यातलं मला पहिलं आवडलं ते तेच."

घड्याळजी कसनुसं हसले. "तो गप्प बसतो, कारण घरी मी बोलत असतो."

आता बोलायची सोयच राहिली नव्हती. रेडिओवर आमच्याचंच दुसरं गाणं लागलं, मामंजींचं सगळ्यांत लाडकं. ज्याच्या जोरावर ते उभ्या गावाशी भांडत आले ते. मामंजींचं तोंड उघडलं, मिटलं. वस्तरा गालावरून हलकेच फिरत होता. गाणं पुढे गेलं, मधलं वाजवणं झालं, आणखी एक कडवं आलं, आवाज खाली खाली जात थांबला.

"हे शेवटचं कडवं," मामंजी हळूच म्हणाले, "मला माहीतच नव्हतं."

घड्याळजींना चांगली संधी होती. टोमणा मारता आला असता. पण त्यांनी डोळे मिटलेले होते, बाई म्हणताना मिटतात तसे. थोड्या वेळानं त्यांनी मान वर केली.

"सूनबाई," ते म्हणाले, "हनुवटीखाली थोडं राहिलंय बघा."

सासूबाईंनी पदर तोंडाशी धरला. मामंजी माझ्या नणंदेकडे बघत राहिले, आणि ती जाणार हे त्यांना तेव्हा कुठे कळलं. त्यांनी रेडिओचा आवाज थोडा वाढवला.