थिरथिऱ्यासाठी झाकलेला आरसा

आमच्या काकांचं केशकर्तनालय म्हणजे एक खुर्ची, एक आरसा आणि पोटभर गप्पा. हात मात्र बेताचाच. डावा कल्ला वर, तर उजवा खाली. आरशात पाहून गिऱ्हाईक कपाळाला हात लावायचं.

थंडी पडली की उत्तरेच्या डोंगरांतून थिरथिरा यायचा. मूठभर पाखरू, पाठ काळी, पोट नारिंगी, शेपटी सतत थरथरती. आरशातल्या थिरथिऱ्याला शत्रू समजून तो त्याच्याशी चोचीने हाणामारी करायचा.

"पाहुण्याची चोच मोडेल हो," म्हणत काकांनी यंदा आरशावर चादर टाकली.

मग कुणी विचारलं, "कसे झालेत केस?" की काका म्हणायचे, "एकदम राजबिंडे दिसताय!" माणूस खूश होऊन जायचा. धंदा असा कधी चाललाच नव्हता.

पुढे उन्हाळा आला. पंखा गरगरू लागला, तरी चादर तशीच.

दुपारी दुकान रिकामं पाहून काकू म्हणाली, "अहो, पाखरू कधीच डोंगरात परतलं. काढा की ती चादर!"

काकांनी घाईघाईने दार लोटलं.

"हळू बोल! गिऱ्हाइकांना कुठे ठाऊक आहे ते?"