टोळीचा पहिला नियम

चष्म्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती दिवसभर भिंगं घासते. केसभर फरक राहिला तरी गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं, म्हणून तिला चूक खपत नाही. राग तर कायम नाकाच्या शेंड्यावर. मालकसुद्धा तिच्याशी जपूनच बोलतो.

हाच राग घेऊन ती रविवारी दुपारी कॉम्प्युटरसमोर बसते. ऑनलाइन गेममध्ये पाच जणांची टोळी भुयारात उतरते, राक्षस मारते. ढाल घेऊन सगळ्यांत पुढे ती. टोळीतले तिला 'ताई' म्हणतात आणि टरकून असतात. नव्यांनी कसं वागायचं याचे नियमही तिनेच लिहून लावलेत. ढालवाल्याच्या पुढे पळू नये, आपल्या कामाची नसलेली वस्तू उचलू नये, असे बरेच. पण पहिला नियम ठळक अक्षरांत: आल्या आल्या सांगावं, मी नवीन आहे. सांगितलं की सगळे सांभाळून घेतात. न सांगणाऱ्याला दयामाया नाही.

आई गेल्यापासून बाबा दुपारभर भिंतीकडे बघत बसायचे. जन्मभर कारखान्यात फिटर, रिकामे हात त्यांना सोसत नव्हते. एकदा म्हणाले, "मलाही ने की तुझ्या त्या भुयारात."

तिने शेजारच्या खोलीत जुना लॅपटॉप लावून दिला, तीन दिवस शिकवलं. बाबांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. पण टोळीसमोर "हे माझे वडील" म्हणायची तिला लाज वाटली.

"तुम्ही काही लिहू नका हं, बाबा. नुसतं माझ्या मागे या."

बाबा मागे आले. वाटेत एक ढाल पडली होती, ती त्यांनी चटकन उचलली. मग बोट भलत्याच बटणावर पडलं आणि ते थेट झोपलेल्या राक्षसांच्या घोळक्यात घुसले. पाचही जण मेले; खेळ पुन्हा भुयाराच्या दारापासून.

"कोण हा अडाणी? वर ढालही लाटली!" एकाने लिहिलं.

"नवा आहेस तर सांगायला काय झालं? मुका आहेस का?" दुसऱ्याने लिहिलं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळी बटणं तीनदा घोकून घेतली होती की त्यांच्याकडून! तेवढ्यात पडद्यावर प्रश्न आला: याला काढायचं का? तीन मतं लागतात. दोन पडली होती. तिसरं तिने दिलं.

शेजारच्या खोलीतून हाक आली, "अगं, माझं नेट गेलं वाटतं. तुम्ही व्हा पुढे, माझ्यासाठी खोळंबू नका."

"ब्याद टळली! चला ताई," पडद्यावर कुणीतरी लिहिलं.

आता तिला स्वतःचाच संताप आला. तिने लिहिलं, "ब्याद नाही, माझा बाप आहे तो. नवीन आहे. मीच गप्प बसवलं होतं." आणि तिघांना भुयाराच्या दारातच सोडून ती उठली.

बाबा चष्मा कपाळावर चढवून वही चाळत होते.

"ती ढाल तुझ्यासाठी घेतली होती," ते म्हणाले. "द्यायची कशी, तेच सापडेना. विचारणार होतो, पण लिहू नका म्हणाली होतीस ना."