डीपीपाशी कोणी नाही

बगळा खांबावर चढायला भितो, असं वीज मंडळात कुणी सांगितलं असतं तर माणसं पोट धरून हसली असती. ज्याचं अर्धं आयुष्य तारांवर गेलं, ज्याच्या लांबसडक काटकुळ्या पायांमुळे सगळं ऑफिस त्याला बगळा म्हणतं, त्या वायरमनला कसली आलीय भीती? पण होती. नोकरीला लागला तेव्हापासून होती. खांबाला हात लावला की पोटात एक गार गोळा सरकायचा, आणि पाय पुन्हा मातीला टेकेपर्यंत तिथंच ठाण मांडून बसायचा. बगळ्याने त्याचा कधी बभ्रा केला नाही. गरजच पडली नाही, कारण खाली रेडिओ असायचा.

रेडिओ म्हणजे त्याचा जोडीदार. वयाने मोठा, ढेरपोट्या, तोंडाला बांध नसलेला. दोघांची कामाची रीत ठरलेली. गल्लीच्या तोंडाशी विजेची पेटी असते, तिला सगळे डीपी म्हणतात. रेडिओ त्या पेटीतले चिनी मातीचे तिन्ही फ्यूज उपटायचा, की गल्लीची वीज बंद. मग फ्यूज मांडीवर घ्यायचा, पेटीच्या दाराला पाठ लावून बूड टेकायचा आणि बोलायला लागायचा. सासूचे गुडघे, सुनेचा मोबाइल, कुठल्या लग्नात जेवण कमी पडलं आणि कुणी कुणाला काय सुनावलं. वर बगळा काम करायचा. तो ते ऐकायचा असं नाही. पण आवाज चालू आहे म्हणजे माणूस पेटीपाशी आहे, आणि माणूस पेटीपाशी आहे म्हणजे तार मेलेली आहे. एवढं पोटातल्या गोळ्याला पुरायचं.

“दादा, जरा गप बसा की,” कधी वैतागून बगळा वरून म्हणायचा.

“मी गप बसलो तर तू आणखी वर जाशील, बगळ्या. कायमचा.”

आणि दोघं हसायचे. गल्लीतल्या लोकांनाही ते पाठ झालं होतं. डीपीपाशी रेडिओ बसलेला दिसला की काम चालू आहे. उठला की आता वीज येणार.

दरवर्षी मंडळाचं अंदाजपत्रक यायचं आणि त्याच्या मागून दरवाढ यायची, सावलीसारखी. त्या आधी एक जनसुनावणी व्हायची. लोक यायचे, ओरडायचे, घरी जायचे आणि बिल वाढायचं. या वर्षी मात्र वाढ अशी होती की लोक ओरडून घरी जाईनात. हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. साहेब मंडळींनी पडद्यावर रंगीत आलेख दाखवले, कोळसा महागला म्हणाले, जुन्या तारा बदलायच्यात म्हणाले. मग तिसऱ्या रांगेतून बगळ्याची बायको उठली.

ती घरात शिवणकाम करते. मोटारीची दोन मशीनं, एक इस्त्री, आणि परकरांपासून पडद्यांपर्यंत पडेल ते काम.

“तुमचे खांब वाकलेले ते वाकलेलेच,” ती म्हणाली, “आणि बिल तेवढं सरळ वर चाललंय!”

हॉल फुटला. तिला जोर चढला.

“माझ्या घरात मंडळाचा माणूस आहे, तरी मला काही वीज फुकट येत नाही. इस्त्री लावू की मशीन चालवू, असा विचार करून बटण दाबते मी. खर्च कमी करायचाय ना? मग आधी तुमच्या घरातला करा, माझ्या घरात कशाला हात घालता?”

टाळ्या थांबेनात. दाराशी गणवेशात उभ्या असलेल्या बगळ्यानेही वाजवल्या, जरा लपवून. बाई आपली आहे याचा त्याला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

आणि नवल म्हणजे मंडळ नमलं. दरवाढ निम्मी झाली. गल्लीच्या टोकाच्या आइस्क्रीमवाल्याने येईल त्याच्या हातात कोन ठेवला. “वहिनी, तुम्ही निवडणुकीला उभ्या राहा,” तो म्हणाला. “फ्रीजरच्या बिलाने माझं दिवाळं निघालं असतं.”

पुढच्याच आठवड्यात इंजिनिअर मॅडमनी दोघा वायरमनना आत बोलावलं. बाई तशी साधी, पण त्या दिवशी समोर बघायला तयार नव्हती.

“दरवाढ निम्मी झाली, पण खर्च होता तेवढाच आहे. कुठून तरी कापायला लागणार. वरून आदेश आलाय. गल्लीतल्या कामाला यापुढे एकच माणूस.”

“आणि दादा?” बगळ्याने विचारलं.

“बिलभरणा खिडकीवर.”

“मॅडम, डीपीच्या दाराला साधं कुलूप नाही. कुणीही हात घालील.”

“कुलपंही त्यातच गेली.” मॅडमनी टेबलावरचा पेपरवेट उगाच सरकवला. “मी विरोध लिहून पाठवला होता हो. मला काय तुम्हाला एकटं पाठवायची हौस आहे?”

बाहेर आल्यावर रेडिओ बराच वेळ काहीच बोलला नाही. त्यानेच बगळ्याचं काळीज हाललं.

“काचेआड बसवणार मला,” शेवटी तो म्हणाला. “मासा करणार माझा. हे बघ, फ्यूज काढलेस की पिशवीत घाल आणि पिशवी वर ने. आणि तोंड चालू ठेव.”

“कुणाशी बोलू?”

“स्वतःशीच. मी तरी काय तुझ्याशी बोलत होतो होय?”

बगळ्याने घरी सांगितलं नाही. काय सांगणार? तुझ्या टाळ्यांनी माझा जोडीदार गेला, असं? ती अजून त्या सुनावणीच्या आनंदात होती; मशीन चालवताना गुणगुणत असायची. शिवाय सांगायचं तर भीतीचंही सांगावं लागलं असतं, आणि ती गोष्ट त्याने लग्नाच्या रात्रीपासून गिळलेली.

एकट्याचं काम सुरू झालं. फ्यूज पिशवीत, पिशवी खांद्याला. वर गेलं की खाली नुसती गल्ली. कुत्रं भुंकलं तरी तो दचकायचा. वाटायचं, पेटीचं दार वाजलं. मग काम अर्धं टाकून उतरायचा, पेटी बघायचा, पुन्हा चढायचा. स्वतःशी बोलून पाहिलं, पण आपलाच आवाज ऐकून जास्त घाबरायला व्हायचं. एका घराचं काम उरकत नाही तोवर दुसऱ्या घरची तक्रार यायची. सकाळी डबा घेताना त्याला उमासे यायला लागले.

“अहो, डॉक्टरला दाखवा,” बायको म्हणायची. “डबा जातो तसा परत येतोय.”

“पित्त आहे गं. उन्हाचं.”

ऊन होतंच. अशाच एका दुपारी त्याच्याच गल्लीतली तार जळाली. घरात पंखे बंद, दुकानात फ्रीजर बंद. बगळा आला, पेटीतले फ्यूज काढून पिशवीत टाकले. अशा वेळी तारेला एक साखळी अडकवून ती जमिनीत सोडतात. चुकून वीज आलीच तर मातीत जावी म्हणून. पण ऑफिसात चालू स्थितीतली साखळी एकच उरली होती आणि ती त्या दिवशी दुसऱ्या भागात गेली होती. बगळ्याने वर पाहिलं आणि शिडी लावली.

कमरपट्टा खांबाला अडकवून त्याने जळकी तार तोडली. नवा तुकडा जोडायला उघड्या तारेकडे हात नेणार, एवढ्यात सवयीने त्याची नजर पेटीकडे गेली.

आइस्क्रीमवाला पेटीपाशी उभा होता. दार उघडलेलं. हातात तांब्याच्या तारेचं वेटोळं.

त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं. माल वितळत होता. तो दुकानातून बाहेर आला, डीपीपाशी कोणी नाही असं बघितलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने समजला की काम झालं, वायरमन गेले, फ्यूज बसवायचे तेवढे विसरले. मान वर करायचं त्याला सुचलंच नाही. खांबाकडे कोण बघतो? सगळी गल्ली आजवर पेटीकडेच बघत आली होती.

बगळ्याने ओरडायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. त्याने दोन्ही हात ओढून छातीशी घेतले आणि अंग मागे टाकलं, पट्ट्यावर लोंबकळत. त्याच क्षणी पेटीत चर्रर्र झालं, निळी ठिणगी उडाली, आणि नाकासमोरची तार गुणगुणायला लागली. वीतभर अंतर. दंडावरचे केस उभे राहिलेले त्याला दिसले.

खालून पंखे फिरल्याचे आवाज आले. कुणीतरी खिडकीतून “आली, आली!” म्हणून ओरडलं.

मग कुठून तरी त्याचा आवाज फुटला. शब्द नव्हते त्यात, जनावरासारखी आरोळी होती. आइस्क्रीमवाल्याने वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त खाली खाली जाताना वरून दिसलं. त्याने चपलेने ती तार पेटीतून उडवली आणि तिथंच मटकन बसला.

“बंद केलंय!” तो किंचाळत होता. “बंद केलंय हो दादा, उतरा!”

पण बगळा उतरेना. पाय शिडीच्या पायरीवर होते आणि ते त्याचे नव्हते. त्याने खांबाला मिठी मारली आणि डोळे मिटले. लोक जमले. कुणी म्हणे फायर ब्रिगेडला बोलवा, कुणी म्हणे ऑफिसात फोन लावा. कुणीतरी धावत जाऊन त्याच्या बायकोला आणलं. केसात धाग्याचे तुकडे, गळ्यात टेप, तशीच आली.

“अहो! उतरा ना.”

“पाय हालत नाहीत.”

“भाऊजी कुठायत? खाली कसं कोणी नाही?”

“ते आता नसतात.”

“नसतात म्हणजे? सुट्टीवर आहेत?”

“काढलं त्यांना इथून. एकच माणूस. दरवाढ निम्मी झाली तेव्हापासून.”

त्याने ते डोळे मिटूनच सांगितलं, पण गल्ली एवढी चिडीचूप होती की शेवटच्या घरातही ऐकू गेलं असेल. बायकोने गळ्यातला टेप काढून मुठीत घट्ट धरला.

“डावा पाय आधी,” मग ती म्हणाली. “खाली बघू नका. डावा. हं. आता दुसरा.”

तो उतरला तेव्हा मॅडम रिक्षातून पोचल्या होत्या. बगळ्याला कुणी पाणी दिलं. अर्धं अंगावर सांडलं. मॅडमनी विचारपूस केली, चारदा देवाचं नाव घेतलं, आणि मग जे विचारायला नको होतं ते विचारलं.

“तार जोडता येईल ना आज? पाच-सहा घरांत म्हातारी माणसं आहेत.”

“जोडीदार द्या.”

“आत्ता कुठून आणू?”

“मग नाही चढत. मला भीती वाटते, मॅडम.”

असं तो जन्मात पहिल्यांदा बोलला, तेही सगळ्या गल्लीदेखत. कुणी हसलं नाही. पण उकाडा होता, आणि माणसं ती माणसंच. मागून एकजण कुरकुरला, “म्हणजे आता आम्ही रात्रभर शिजायचं?”

बायको वळली. “दर वाढवा म्हणून मी सांगते त्यांना. मीच कमी करायला लावले, मीच सांगते.”

“वा, वहिनी! तुमच्या नवऱ्यासाठी आम्ही बिल भरायचं?”

ज्या लोकांनी तिच्यासाठी हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या होत्या, तेच होते हे. ती एक पाऊल मागे सरली आणि तिची पाठ बगळ्याच्या छातीला टेकली. आइस्क्रीमवाला एवढंच म्हणाला, “मी भरीन,” पण इतक्या हळू की शेजाऱ्यालाच ऐकू आलं असेल.

मॅडमनी बाजूला जाऊन फोन लावला. परत आल्या. “बिलाची खिडकी बंद करून तुमच्या दादांना पाठवतेय. तिकडे रांग बोंबलतेय. पण आजच्यापुरतं हं.”

“आणि उद्या?” बगळ्याने विचारलं.

“उद्याचं उद्या बघू.”

बगळ्याने कमरपट्टा सोडला आणि तो शिडीच्या पायथ्याशी ठेवला. “तर मग तार पण उद्याच जोडू,” तो म्हणाला आणि खाली बसला.

पुढे काय होईल ते त्याला माहीत नव्हतं. नोकरी जाईल, नोटीस येईल, घरावर दगड पडेल. पोटातला गोळा तसाच होता, पाय जमिनीवर असूनही. गल्लीतली माणसं त्याच्याकडे बघत होती. बायको त्याच्या शेजारी येऊन बसली. मॅडमनी पुन्हा फोन काढला आणि या वेळी वरच्या साहेबाचा नंबर शोधायला लागल्या.